ब्रिटनचं लाइट बिल : फिक्स एक वर्षाचं की दोन वर्षांचं, आधी एक्झिट फी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परदेशातल्या मराठी कुटुंबांच्या खर्चावर आपल्या पेपरात परवा जो लेख आला तो इथे आमच्या ग्रुपवर जोरात फिरतोय. घरभाड्याचं, नर्सरीच्या फीचं अगदी बरोबर लिहिलंय, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्यात ब्रिटनच्या वीज-गॅस बिलाबद्दल दोन वाक्यं आहेत ती दोन्ही चुकीची आहेत, आणि पेपरात छापून आलंय म्हणून कुणी त्यावर विसंबला तर शे-दोनशे पौंडांना बसेल, म्हणून हे पत्र. थोडं लांबणार आहे, कापायचं असेल तर कापा पण आकडे ठेवा.

पहिलं वाक्य असं की इथे घरगुती बिलावर वर्षाला १७५८ पौंडांची मर्यादा आहे, त्याच्या वर बिल येऊच शकत नाही. दुसरं असं की त्यामुळे हुशार लोक जास्तीत जास्त लांब मुदतीचं फिक्स टॅरिफ, म्हणजे मुदत संपेपर्यंत रेट न बदलणारा प्लॅन, घेऊन मोकळे होतात.

आधी पहिलं. या मर्यादेला इथे प्राइस कॅप म्हणतात, आणि ती बिलावरची मर्यादा नाहीच मुळी, ती युनिटच्या रेटवर आणि रोजच्या स्टँडिंग चार्जवर (आपला स्थिर आकार) आहे. ऑफजेम ही इथली नियामक संस्था, आपल्याकडे महाराष्ट्र वीज नियामक आयोग आहे तशी, ती दर तीन महिन्यांनी ठरवते की स्टँडर्ड व्हेरिएबल टॅरिफवर, म्हणजे रेट वर-खाली होणाऱ्या नेहमीच्या प्लॅनवर, असलेल्या घराकडून कंपनीने जास्तीत जास्त काय रेट घ्यायचा. १ जानेवारी ते ३१ मार्च २०२६ साठी सरासरी रेट होता विजेला युनिटमागे २७.६९ पेन्स आणि रोजचे ५४.७५ पेन्स स्टँडिंग चार्ज, गॅसला युनिटमागे ५.९३ पेन्स आणि रोजचे ३५.०९ पेन्स. हे डायरेक्ट डेबिटवाल्यांचं, म्हणजे ज्यांच्या बँकेतून कंपनी पैसे आपोआप घेते त्यांचं, ५ टक्के व्हॅट धरून. आता वर्षाला २७०० युनिट वीज आणि ११५०० युनिट गॅस वापरणारं एक 'टिपिकल' घर ऑफजेमने कागदावर धरलंय, त्या घराला हे रेट लावून गुणाकार-बेरीज केली की १७५८ येतात. बस. हे घर कुणाचंच नाही. वन-बेड फ्लॅटमध्ये दोघं नोकरीवाले राहत असतील, वीज १८०० आणि गॅस ७५०० युनिट, तर त्याच रेटने १२७१ येतात, आणि चार बेडरूमचं जुनं घर, वीज ४१०० गॅस १७०००, तर २४७१. त्यातून आई-बाबा सहा महिने राहायला आले असतील तर बघायलाच नको, कारण एरवी दिवसभर बंद असणारं हीटिंग सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत चालू, थर्मोस्टॅट २३ वर, आणि किचनच्या खिडकीत ठेवलेला तो स्मार्ट मीटरचा छोटा डिस्प्ले दुपारीच लाल झालेला असतो. (आणि आई म्हणते कुकरच्या शिट्ट्या कमी केल्या की गॅस वाचेल. स्वयंपाकाला जाणारा गॅस इथे किरकोळ असतो हो, खातो तो बॉयलर, हीटिंग आणि गरम पाणी.)

महाराष्ट्रातल्या वाचकांना अजून एक गोष्ट वेगळी वाटेल. आपल्याकडे महावितरणच्या बिलात स्लॅब असतात, १०० युनिटपर्यंत एक रेट मग ३०० पर्यंत दुसरा, म्हणजे कमी वापरणाऱ्याला स्वस्त. इथे तसं काही नाही, पहिलं युनिट आणि पाचहजारावं युनिट एकाच भावाचं. उलट स्टँडिंग चार्ज वरच्या रेटने वीज-गॅस मिळून वर्षाला ३२८ पौंड होतो, घराला कुलूप लावून दोन महिने पुण्याला गेलात तरी तो चालूच. त्यामुळे कमी वापरणाऱ्यालाच इथे युनिट प्रत्यक्षात महाग पडतं आणि फिक्स निवडताना हे फार लोक विसरतात, नुसता युनिट रेट बघतात.

आता फिक्सकडे येते. आणि लेखातली सगळ्यात मोठी गफलत इथेच आहे, कारण प्राइस कॅप फिक्स टॅरिफला लागूच होत नाही. कॅप फक्त व्हेरिएबलला. फिक्सचा रेट कंपनी हवा तो ठेवू शकते, कॅपच्या खाली पण आणि वर पण, तुम्ही सही केलीत म्हणजे तुम्हाला मान्य. २०२२ मध्ये कॅपच्या कितीतरी वरचे फिक्स लोकांनी घेतले होते, त्याचं पुढे सांगते.

आणि फिक्स म्हणजे काय फिक्स, हेही एकदा स्पष्ट होऊ दे. नवीन आलेली मुलं मला बिल पाठवतात आणि म्हणतात आमचं फिक्स आहे, दर महिन्याला १२० पौंडच जातात. ते फिक्स नाही रे बाबा. ती डायरेक्ट डेबिटची रक्कम आहे, कंपनी वर्षभराचा अंदाज काढते आणि बाराने भागून दर महिन्याला सारखी घेते, उन्हाळ्यात तुमचे पैसे कंपनीकडे जमा होतात आणि हिवाळ्यात ते उडतात. तुम्ही व्हेरिएबलवर असलात तरी महिन्याची रक्कम सारखीच दिसते. फिक्स टॅरिफ म्हणजे युनिटचा रेट आणि स्टँडिंग चार्ज ठरलेल्या मुदतीपर्यंत न बदलणे, वापर वाढला की बिल वाढणारच आणि महिन्याची रक्कमही कंपनी वाढवणारच. बिलाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर टॅरिफचं नाव आणि 'टॅरिफ कधी संपतो' अशी एक ओळ असते, तिथे तारीख असेल तर तुम्ही बहुतेक फिक्सवर आहात, तारीख नसेल तर नाही. एवढं बघायला अर्धा मिनिट लागतो.

मग छोटं की लांब? आमच्याकडे यावर जी चर्चा होते ती सोनं आज घ्यावं की दिवाळीनंतर अशा थाटात होते. एकजण म्हणतो रेट पडणार, थांबा. दुसरा म्हणतो युद्ध पेटलंय, दोन वर्षांचं लॉक करा. दोघंही ठामपणे. मला विचाराल तर रेट वाढेल की पडेल हा प्रश्न आपण सोडवायचाच नाही, कारण तो ज्यांचा धंदा आहे त्यांनाही सुटत नाही. ऑगस्ट २०२२ आठवा. २६ ऑगस्टला ऑफजेमने ऑक्टोबरचा कॅप जाहीर केला, त्या टिपिकल घराला वर्षाला ३५४९ पौंड, त्याआधीच्या हिवाळ्यात तो १२७७ होता. टीव्हीवर पुढच्या एप्रिलचे अंदाज साडेसहा हजार पौंडांच्या वर. लोक घाबरले आणि मिळेल तो फिक्स घेऊन बसले, काहींनी तर कॅपच्या दीडपट-दुप्पट रेटने. पुढे काय झालं? ८ सप्टेंबरला सरकारने एनर्जी प्राइस गॅरंटी आणली, टिपिकल घराला २५०० च्या पातळीवर रेट धरून ठेवले, घाऊक गॅस हळूहळू उतरला, एप्रिल २०२३ चा कॅप साडेसहा नाही ३२८० निघाला आणि जुलैमध्ये २०७४. ज्यांनी घाबरून घेतलं त्यांच्यातल्या काहींना कंपन्यांनी फी न घेता मुदतीआधी सोडलं, हा त्यांचा चांगुलपणा, करारात तसं काही नव्हतं.

आणि त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट उलटी आहे. २०२१ च्या वसंतात ज्यांनी दोन वर्षांचं फिक्स घेतलं होतं, सहज, कुठलाही अभ्यास न करता, ते राजे झाले. सगळं जग ३५४९ च्या गप्पा मारतंय आणि हे जुन्या रेटने आंघोळ करतायत. म्हणजे लांब घेणारा हुशार का? एका वर्षाच्या फरकाने तोच निर्णय शहाणपणा ठरला आणि तोच वेडेपणा. हुशारीचा संबंध नाही.

पण त्या राजांमधल्या बऱ्याच जणांचं राज्य गेलं, ते का ते फार कुणी सांगत नाही. २०२१ च्या शरद ऋतूत गॅस भडकला तेव्हा स्वस्तातले फिक्स विकून बसलेल्या छोट्या कंपन्या एकामागून एक बुडाल्या, दोन डझनांच्या वर. अॅव्ह्रो एनर्जी सप्टेंबरमध्ये गेली, तिच्याकडे जवळपास ५ लाख ८० हजार घरं होती. बल्ब तर पंधरा लाखांहून जास्त ग्राहक असलेली कंपनी, ती नोव्हेंबरमध्ये सरकारला विशेष प्रशासनाखाली चालवायला घ्यावी लागली. कंपनी बुडाली की दिवे जात नाहीत, ऑफजेम तुम्हाला दुसऱ्या कंपनीकडे देते, जमा असलेले पैसेही सुरक्षित राहतात, पण तुमचा फिक्स? तो संपला. नवीन कंपनी तुम्हाला तिच्या चालू रेटवर टाकते, म्हणजे बहुतेक कॅपवर. म्हणजे लांब फिक्सचा उपयोग ज्या दिवशी सगळ्यात जास्त होता त्याच दिवशी तो कागद झाला. दोन-तीन वर्षांचं फिक्स घेताना समोरची कंपनी तेवढी टिकेल का हा प्रश्न पडलाच पाहिजे, दहा पौंड स्वस्त म्हणून काल-परवा उगवलेल्या कंपनीकडे तीन वर्षं बांधून घेणं मला तरी पटत नाही. त्यानंतर ऑफजेमने कंपन्यांच्या भांडवलाचे नियम कडक केले, पण तरी.

तर मग बघायचं काय. एक्झिट फी. फिक्स मोडून मुदतीआधी बाहेर पडायची फी. माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच आहे की मुदत किती हा दुय्यम प्रश्न आहे, बाहेर पडायला किती लागतात हा पहिला.

का ते सांगते. फिक्स हा करार एकतर्फी आहे आणि चक्क आपल्या बाजूने एकतर्फी आहे. रेट वाढले तर कंपनी तुम्हाला काढू शकत नाही, रेट पडले तर तुम्ही मात्र फी भरून निघू शकता. म्हणजे लांब मुदत म्हणजे लांब बेडी नाही, फी मोठी असेल तरच ती बेडी. फी शून्य किंवा २५ पौंड असेल तर दोन वर्षांचं फिक्स हे एक वर्षाच्या फिक्सपेक्षा वाईट कसं असेल? वाढले तर तुम्ही झाकलेले, पडले तर चालते व्हा. फक्त त्यासाठी युनिटमागे थोडं जास्त द्यावं लागत असेल तर तो झाला विम्याचा हप्ता, तो परवडतो का ते बघायचं.

आकड्यात सांगते, आकडे समजण्यापुरते आहेत, कुठल्या कंपनीचे नाहीत. समजा तुमच्या वापराला एक वर्षाचं फिक्स १६४० ला पडतंय आणि एक्झिट फी वीज ७५, गॅस ७५ म्हणजे १५०. दुसरं दोन वर्षांचं, वर्षाला १६७०, फी वीज २५ गॅस २५ म्हणजे ५०. व्हॉट्सअॅपवर सगळे पहिलं उचलतील, तीस पौंड स्वस्त आणि 'अडकायला नको'. पण अडकवतंय कोण? पहिलंच. सहा महिन्यांनी रेट पडले आणि वर्षाला २०० ने स्वस्त डील आलं, तर उरलेल्या सहा महिन्यांत वाचणार १०० आणि फी १५०, बसा तिथेच. दुसऱ्यात तुम्ही ५० भरून निघता आणि वर्षभरात १५० खिशात. रेट वाढले तर पहिलं एक वर्षाने संपतं आणि दुसरं अजून एक वर्ष धरून ठेवतं. मी दुसरं घेईन, डोळे मिटून. पण उलट असेल, म्हणजे दोन वर्षांचं १६४० ला आणि फी २००, आणि एक वर्षाचं १६५० ला बिनफीचं, तर एक वर्षाचं घ्या. म्हणून म्हणते एक वर्ष की दोन वर्ष असा सरसकट प्रश्न विचारूच नका.

फी बघताना ती प्रत्येक इंधनामागे असते हे विसरू नका. वेबसाइटवर ७५ लिहिलेलं असतं, वीज आणि गॅस दोन्ही त्यांच्याकडे असतील तर १५० झाले. आणि मुदत संपायच्या आधीच्या ४९ दिवसांत कंपनी एक्झिट फी घेऊच शकत नाही, हा ऑफजेमचा नियम आहे. सात आठवडे. कॅलेंडरमध्ये ती तारीख टाकून ठेवायची, कारण कंपनी त्या सुमाराला पत्र किंवा ई-मेल पाठवते की तुमचं फिक्स संपतंय, आणि ते ई-मेल जाहिराती समजून आपण पुसून टाकतो. मग फिक्स संपलं की आपोआप व्हेरिएबलवर पडता. तेही काही आकाश कोसळणं नाही, कॅप आहे तिथे, पण जानेवारीत पडलात तर महिन्याचा फरक दिसतो.

जानेवारीवरून आठवलं. मुदत महिन्यांत मोजायची आपल्याला सवय आहे, १२, १५, १८, २४. इथे गॅसचा बहुतेक वापर ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत होतो, मे ते सप्टेंबर बॉयलर जवळपास झोपलेला असतो. त्यामुळे मुदतीत हिवाळे किती येतात ते मोजायचं. १८ महिन्यांचं फिक्स एप्रिलमध्ये घेतलं तर ते पुढच्या वर्षी ऑक्टोबरला संपतं, मधे एकच हिवाळा. तेच १८ महिन्यांचं ऑक्टोबरमध्ये घेतलं तर दोन पूर्ण हिवाळे. एकच मुदत, दुप्पट संरक्षण. आणि समजा फेब्रुवारीत १२ महिन्यांचं घेतलंत तर ते पुढच्या फेब्रुवारीत संपेल, ऐन थंडीत, बर्फ पडतोय आणि तुम्ही साइट चाळताय. १४-१५ महिन्यांचं मिळत असेल आणि ते एप्रिल-मेमध्ये संपत असेल तर त्याला मी दहा-पंधरा पौंड जास्त देईन.

अजून एक भानगड २०२६ ची. नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये सरकारने सांगितलं की एप्रिल २०२६ पासून बिलातले काही सरकारी खर्च करातून भागवणार आणि घरामागे सरासरी १५० पौंडांचा दिलासा मिळणार. हे खर्च बहुतेक विजेच्या युनिट रेटमध्ये बसलेले होते. म्हणून त्या एप्रिलच्या आधी फिक्सवर सही केलेल्याने कंपनीला एकच प्रश्न लेखी विचारावा, चॅटवर विचारला तर स्क्रीनशॉट ठेवावा, की एप्रिलची ही कपात माझ्या फिक्सच्या रेटमध्ये उतरली का. हो म्हणाले तर किती आणि कधीपासून. 

तुलना करताना आपल्या लोकांचं अजून एक चुकतं. लेस्टरच्या मित्राने स्क्रीनशॉट टाकला, १५९० चं फिक्स, घ्या पटकन. तो आकडा लेस्टरचा आहे आणि टिपिकल घराचा आहे. ब्रिटनचे विजेचे १४ विभाग आहेत आणि प्रत्येकाचा रेट वेगळा, स्टँडिंग चार्ज तर चांगलाच वेगळा. आपला पिनकोड टाकून, आपले वर्षाचे युनिट टाकून, चार आकडे काढायचे, दोन युनिट रेट दोन स्टँडिंग चार्ज, आणि कागदावर स्वतः गुणाकार करायचा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. 'तुमचे ३०० पौंड वाचतील' या ओळीवर विश्वास ठेवायचा नाही, ती तुमची सध्याची फिक्स संपल्यावर तुम्ही व्हेरिएबलवर जाल असं गृहीत धरून काढलेली असू शकते. वीज एका कंपनीची आणि गॅस दुसरीचा असंही चालतं, एकाच ठिकाणी घ्यायची सक्ती नाही.

आता कुणी काय करावं. माझं मत आहे, पटलं तर घ्या. जी मुलं आयटीच्या नोकरीवर आलीयत, भाड्याच्या घरात आहेत, बारा महिन्यांचं अॅग्रीमेंट आणि सहा महिन्यांचा ब्रेक क्लॉज (मधेच घर सोडायची मुभा), त्यांनी मोठ्या फीचं लांब फिक्स अजिबात घेऊ नये. भाडेकरूला कंपनी बदलायचा हक्क आहे हेही अनेकांना माहीत नसतं, बिल तुमच्या नावावर असेल आणि तुम्ही भरत असाल तर घरमालक अडवू शकत नाही. आमच्या ओळखीतलं एक जोडपं, कोथरूडचं, आलं त्याच महिन्यात दोन वर्षांचं फिक्स घेऊन बसलं कारण एजंटने सांगितलं घ्या, आणि आठव्या महिन्यात ऑफिस मँचेस्टरला गेलं. नवीन घरात आधीच दुसरी कंपनी, मीटर प्रीपेमेंटचं, म्हणजे आधी पैसे भरून चालणारं, फिक्स तिकडे हलवता येईना, कंपनीने फी लावली. दोन ई-मेल आणि एका तक्रारीनंतर अर्धी माफ झाली. घर बदलताना फिक्स बरोबर नेता येतं की नाही, नाही नेलं तर फी लागते का, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं आहे, अटींमध्ये 'मूव्हिंग होम' या शब्दांवर शोधायचं, तिथे ते असतंच. ज्यांचं स्वतःचं घर आहे, मुलं शाळेत आहेत, पुढची तीन वर्षं कुठे जायचं नाही, आणि महिन्याचं बजेट घट्ट आहे की अचानक साठ पौंड वाढले तर पंचाईत, त्यांनी लांब घ्यावं, थोडं महाग असलं तरी. त्यांच्यासाठी ते रात्रीच्या झोपेचे पैसे आहेत. आणि ज्यांच्याकडे चार पैसे मागे आहेत, बिल पन्नासने वाढलं तरी फरक पडत नाही, त्यांनी कॅपच्या खाली ठराविक टक्क्यांनी चालणारे ट्रॅकर टॅरिफ पण बघावेत, पण ते फिक्स नव्हेत, नावात काहीही लिहिलेलं असलं तरी.

ज्यांच्या घरात लहान बाळ आहे किंवा दम्याचा पेशंट आहे त्यांनी रेटच्या भानगडीत पडायच्या आधी कंपनीच्या प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरमध्ये, म्हणजे जास्त मदतीची गरज असलेल्या घरांच्या यादीत, नाव घालावं, फुकट आहे.

बदलायचं ठरलं तर घाबरण्यासारखं काही नाही. जुलै २०२२ पासून बदल साधारण पाच कामाच्या दिवसांत होतो, कुणी घरी येत नाही, वायर तीच पाइप तोच, फक्त बिल दुसऱ्याचं. सही केल्यावर १४ दिवसांत विचार बदलला तर कारण न देता रद्द करता येतं. एकच काम स्वतः करायचं, बदलाच्या दिवशी दोन्ही मीटरचा फोटो, तारखेसकट. स्मार्ट मीटर असलं तरी. जिन्याखालच्या कपाटात वीज, बाहेर पांढऱ्या खोक्यात गॅस, असं बहुतेक घरांत असतं. गॅसचा आकडा घनमीटरमध्ये असतो, बिलात तो साधारण ११ ने गुणून युनिट होतात, म्हणून मीटरवर ९० दिसतात आणि बिलात हजार, तेव्हा कंपनीने फसवलं म्हणून ग्रुपवर आरडाओरडा करू नका. पण जुनं मीटर घनफुटांचं असेल आणि कंपनीने ते घनमीटरचं समजून बिल काढलं तर मात्र खरंच घोळ होतो, तेव्हा मीटरवर काय छापलंय ते बघाच. तक्रार आठ आठवड्यांत सुटली नाही तर एनर्जी ऑम्बुड्समनकडे, म्हणजे कंपनीबाहेरच्या तक्रार लवादाकडे, जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत.

आपल्या लेखकाला एवढीच विनंती की १७५८ च्या वाक्याची दुरुस्ती छापावी. इथे मुलं असलेले पुण्या-नाशिकचे आई-वडील आपला पेपर वाचतात आणि फोनवर विचारतात की तिकडे तर बिलाला मर्यादा आहे ना, मग तुला बावीसशे कसे आले.

आपली नम्र,
एक वाचक, मिल्टन कीन्स, इंग्लंड


ता. क. : बेलफास्ट किंवा उत्तर आयर्लंडमध्ये कुणी असेल तर वरचं कॅपचं काहीच त्यांना लागू नाही. तिथे ऑफजेमचा कॅप नाही, नियामक वेगळा आणि कंपन्याही वेगळ्या, आणि बऱ्याच घरांत गॅसच्या जागी हीटिंग ऑइलची टाकी मागच्या अंगणात असते. एक्झिट फीचा हिशोब मात्र तिथेही असाच करायचा.